चेंडूकडे न बघणारी

लोरेटा वोयचिकच्या घरात चांगला रविवार कोणता, हे ठरवायची एक साधी रीत होती. सामना संपेपर्यंत टीव्हीवर बोलणाऱ्या माणसांनी नॉर्बर्टचं नाव एकदाही घेतलं नाही, तर तो चांगला रविवार.

नॉर्बर्ट, म्हणजे तिचा नॉर्ब, अमेरिकन फुटबॉलमधला, पुढच्या फळीतला गडी. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या समोर जे पाच अजस्र पुरुष वाकून उभे राहतात, त्यांतला एक. समोरून धावून येणाऱ्याला मागे पोहोचू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर मात्र पिवळा रुमाल मैदानावर पडतो, पंच माइकवर सांगतो, "धरून ठेवलं, सदुसष्ट नंबर," आणि सत्तर हजार माणसं एका सुरात हळहळतात. त्यामुळे चर्चमधून बाहेर पडताना कुणी "गेल्या रविवारी कसा खेळला पोरगा?" असं विचारलं, की लोरेटा हातमोजे चढवता चढवता सांगायची, "नावसुद्धा घेतलं नाही कुणी." आणि तिची मान जरा ताठ व्हायची. गावातल्या लोकांनाही आता सवय झाली होती. ते म्हणायचे, वा, छान झालं.

टीव्हीवर एकच तक्रार होती तिची. कॅमेरा चेंडूच्या मागे पळतो. नॉर्ब वाकलेला दिसायचा, चेंडू मागे जायचा, दोन छात्या एकमेकींवर आदळायच्या, आणि नेमकं तिथेच चित्र दुसरीकडे निघून जायचं. कुणीतरी सडपातळ पोरगा चेंडू घेऊन पळत असायचा आणि लोरेटा पडद्याच्या कडेकडे मान वाकडी करून बघायची, जणू तशी वाकडी केली की कडेच्या पलीकडचं दिसेल. पोराची सगळी कारकीर्द तिने अशी तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती. सुरुवात तेवढी दिसायची, पुढचं नाही.

मैदानात जाऊन बघावं, तर गाई. पहाटे धार, संध्याकाळी धार, आणि शहर चार तासांवर. नवरा, लिओ, होता तेव्हा हंगामात एकदा तो जाऊन यायचा आणि ही गोठा सांभाळायची. परत आल्यावर तो जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली, मिरीची बाटली, साखरेचं भांडं मांडून तिला सगळं दाखवायचा. हा आपला नॉर्ब, म्हणून मिठाची बाटली पुढे सरकवायचा. लिओ गेल्यावर तिने गाई निम्म्या केल्या, पण निम्म्या गाईंचीही धार दोनदा काढावीच लागते. लोकांना ती हेच कारण सांगायची. खरं कारण दुसरं होतं. घरात टीव्ही होता, आणि खेळताना कुणी उताणा पडला, उठेना, की तिला उठून ओट्याशी जाता यायचं. मैदानात कुठे जायचं?

आणि आता गुरुवारी नॉर्बचा फोन आला. हा रविवार शेवटचा, असं तो म्हणाला. हंगाम इथेच संपणार, संघ वरच्या फेरीत जाणार नव्हता, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. मग त्याने तेच वाक्य टाकलं, ज्यासाठी फोन केला होता.

"आई, तू मात्र येऊ नकोस."

"मी कधी येते?"

"नाही, म्हणजे टेस म्हणत होती, शेवटचा आहे तर आईंना बोलावू या. पण माझ्या जागेवर विली खेळणार आहे. मी कोट घालून कडेला उभा असेन. चार तास गाडी चालवून कोट काय बघायचा?"

विली म्हणजे विलियामी, टोंगाहून आलेल्या कुटुंबातला पोरगा, या वर्षीच संघात आलेला. लोरेटाने विचारलं, पोरगा कसा आहे. नॉर्बने सांगितलं की चांगला आहे, फार चांगला आहे, पाय अजून उतावळे आहेत. मग गाईंची चौकशी झाली, थंडीची झाली, आणि फोन संपला.

तिने केटली ठेवली आणि गॅस पेटवायचा राहून गेला.

पाय. नॉर्बला पायांचं शिक्षण कुठल्या प्रशिक्षकाने दिलं नव्हतं. ते गोठ्यात झालं होतं. गाय धारेच्या वेळी आडवी येऊन टेकली, की माणूस भिंतीला लागून चेपतो. हात उगारला तर ती आणखी रेटते. दहा वर्षांच्या नॉर्बला लिओने दाखवलं होतं, कंबर खाली घे, खांदा तिच्या मांडीखाली लाव, आणि पावलं बारीक बारीक टाकत राहा. "जनावराशी भांडायचं नाही रे, टेकायचं," असं तो म्हणायचा. पोरगा तसा टेकला आणि ती एवढी मोठी गाय मुकाट्याने सरकली, तेव्हा त्याने आईकडे वळून असं पाहिलं होतं की लोरेटाला अजून ते तोंड आठवायचं.

जन्मला तेव्हाच मोठा होता. नर्स म्हणाली होती, हा तर आल्या आल्या शाळेत जाईल. भूक तर अशी, की लोरेटा आरामखुर्चीत त्याला छातीशी घेऊन बसायची आणि तो पिता पिता तळव्याने तिला ढकलत राहायचा, जणू आणखी दूध मागे कुठेतरी अडलंय आणि रेटलं की येईल. पुढे तोच हात पेपरातल्या फोटोत पाहिला, बोटं निरनिराळ्या दिशांना वाकलेली, पट्ट्या गुंडाळलेली. तिला फोटोतही ती मूठ लहान दिसायची.

मोठे संघ कॉलेजच्या पोरांची निवड करतात त्या दिवशी सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं. खसखशीचे रोल होते, शेजारपाजारचे होते. एकेक नाव पुकारलं गेलं. रोल संपले, शेजारी हळूहळू पांगले, नॉर्बचं नाव आलं नाही. तो उठला, बूट चढवले आणि धारेला गेला. सगळं आटोपल्यावर एका संघाचा फोन आला, की या, बघू तुम्हाला, कबूल काही करत नाही. पहिल्या वर्षी काढून टाकलं. दुसऱ्या वर्षी सरावापुरतं ठेवलं. तिसऱ्या वर्षी एकाचा घोटा मोडला, याला आत ढकललं, आणि तो जो आत गेला तो माणसांच्या पिढ्या बदलल्या तरी तिथेच होता. त्याच्या पाठीमागे चार क्वार्टरबॅक येऊन गेले. प्रत्येकाने नाताळात फळीतल्या पाचजणांना भेट दिली, कुणी घड्याळ, कुणी बर्फावर चालवायची गाडी. नॉर्बने ती गाडी आईच्या शेतावर आणून ठेवली. तिच्यावर आता कोंबड्या बसत.

शुक्रवारी गावच्या बारमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असायचं. तिथे तिने ऑर्विलला गाठलं. ऑर्विल शेजारचा, विधुर, आयुष्यभर गाई राखलेला आणि आता विकून मोकळा झालेला. तिने त्याला सांगितलं की शनिवार दुपारपासून सोमवारपर्यंत तिच्या गाई त्याने बघायच्या.

ऑर्विलने काटा खाली ठेवला. "तुझ्या गाईंना माझा हात चालत नाही, असं तूच गावभर सांगतेस."

"चालवून घेतील."

"आणि पोरगा खेळला नाही तर?"

"कोट बघून येईन."

"एवढे दिवस खेळत होता तेव्हा गेली नाहीस, लोरेटा. आता कडेला उभं राहायची वेळ आली त्याच्यावर, तर निघालीस."

ती बटाट्याचं सॅलड चिवडत राहिली. मग म्हणाली, "एकदा तरी सबंध बघू दे मला त्याला. सुरुवातीपासून पडेपर्यंत." ऑर्विलने आपल्या ताटातला माशाचा मोठा तुकडा तिच्या ताटात सरकवला आणि विचारलं, ती पांढऱ्या कपाळाची अजून लाथ मारते का.

सामन्याच्या आदल्या रात्री संघ हॉटेलात असतो, घर त्याच शहरात असलं तरी. त्यामुळे लोरेटा शनिवारी पोहोचली तेव्हा नॉर्ब घरी नव्हता, आणि त्याच्या बायकोने, टेसने, त्याला काही कळवायचं नाही असं दोघींचं ठरलं. टेस बोलकी पोरगी. कडेवर लेक, जून, आठ महिन्यांची, बापासारखीच गुबगुबीत. टेस सांगत होती की विली रोज इथेच असतो. गॅरेजमधली गाडी बाहेर काढतात आणि दोघं मोजे घालून त्या फरशीवर पावलं टाकत बसतात. शेजारीण विचारत होती की नाच शिकताय का.

"आपली जागा घेणाऱ्यालाच शिकवतोय," टेस म्हणाली. "मी म्हटलं, निदान एखादी खुबी तरी स्वतःकडे ठेव. तर माझ्याकडे असं बघितलं, आई, जसं काही मी चोरी करायला सांगितली."

लोरेटा जूनचे पाय हातात घेऊन बसली होती. तळवे ऊबदार होते आणि त्यांना चालण्याचा अजून काहीच अनुभव नव्हता.

रविवारी मैदानाबाहेर वाहनतळावर धूर दाटला होता, सॉसेज भाजली जात होती, लोक बर्फात उभं राहून थंड बियर पीत होते. जूनच्या कानांवर आवाज अडवणारी जाडजूड झाकणं होती. बसायची जागा खालच्या बाजूला, आपल्या संघाच्या जवळ. लोरेटाने घोंगडी पसरली, गुडघ्यांवर दुसरी घेतली, आणि पोराला शोधलं.

सापडायला वेळ लागला नाही. लांबलचक कोट घातलेला, त्यात आणखी रुंद दिसणारा. केस विरळ झालेत, हे टीव्हीवर कधी कळलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. भोवतीचे सगळे चेंडूबरोबर माना फिरवत होते आणि लोरेटा एकटी कोटाकडे बघत होती. कोट एका जागी उभा नव्हता. फळी मैदानात असली की तो कडेने तिच्याबरोबर चालायचा. चेंडू टाकायच्या आधी तिथे त्याचीही कंबर नकळत खाली जायची. फळी बाहेर आली की तो विलीच्या बाकासमोर एका गुडघ्यावर बसायचा, चांगल्या गुडघ्यावर, आणि हातांनी दाखवायचा. एक हात म्हणजे समोरचा माणूस, दुसरा म्हणजे विली. लोरेटाला मिठाची आणि मिरीची बाटली आठवली. तिने घोंगडी वर ओढली आणि टेसला सांगितलं की गार वारा आहे.

एवढंच बघायला आले असते तरी चाललं असतं, असं तिने स्वतःला दोन-तीनदा सांगून पाहिलं. पटलं नाही. ती कोट बघायला आली नव्हती.

मागच्या रांगेत एक जाड मिशांचा गृहस्थ होता. तो बिचारा टेसला ओळखत नव्हता. तो शेजाऱ्याला सांगत होता की नवा पोरगा बरा आहे, म्हाताऱ्या वोयचिकला आता घरी पाठवलेलंच बरं. टेस वळणार होती, पण लोरेटाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हाताऱ्या वोयचिकची आई तिथे बसली होती आणि तिला त्यात भांडण्यासारखं काही दिसलं नाही. पोरगा बरा होता, हे तर खरंच होतं. कुणाच्या हातचा होता, ते मिशीवाल्याला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या टप्प्यात बर्फ पडायला लागला. आपला संघ चार गुणांनी मागे होता आणि समोरच्यांच्या हद्दीत जाऊन अडकला होता. पुढे जायला हातभर जागा हवी होती, ती मिळेना. तेव्हा प्रशिक्षकाने मागे न बघताच हात केला. कोट बर्फात पडला, खाली खेळाचा पोशाख होताच. नॉर्ब मैदानात धावत गेला, किंचित लंगडत, आणि पंचासमोर उभा राहून त्याने छातीवरच्या आकड्यावरून दोन्ही हात वरखाली फिरवले.

पंचाने माइक चालू केला. सगळ्या मैदानभर आवाज घुमला, "सदुसष्ट नंबर."

लोरेटाने टेसचं मनगट घट्ट धरलं. "काय केलं त्याने? अजून तर काही सुरूसुद्धा झालं नाही."

"आई, अहो..."

"धरलं का कुणाला? कुणाला धरलं?"

टेसला हसू आवरेना आणि डोळेही पुसायचे होते, दोन्ही एकदम चाललं होतं. तिने सासूच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की त्याने काही केलं नाही. आज तो पाचांतला नाही, वरचा सहावा म्हणून टोकाला उभा राहणार आहे. फळीतल्या आकड्याच्या माणसाला एरवी चेंडू झेलायचा हक्क नसतो. टोकाला उभं राहायचं तर आधी पंचाला जाऊन सांगावं लागतं, आणि पंच ते सगळ्यांना सांगतो, एवढंच.

"म्हणजे चूक नाही?"

"चूक नाही."

पण एव्हाना तिला टेसचंही ऐकू येत नव्हतं. आकडा ऐकून सगळं मैदान उठलं होतं. शेवटचा सामना आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मिशीवाला घसा फाटेस्तोवर ओरडत होता, याच्याकडे फेका, म्हाताऱ्याकडे फेका. लोरेटाही उठली. इतकी वर्षं तो आकडा मोठ्याने ऐकला की ती डोळे मिटायची. आज तो ऐकून माणसं टोप्या हलवत होती, आणि आपल्या चेहऱ्याचं नेमकं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

चेंडू मागे गेला. तिने तो पाहिला नाही. तिने नॉर्बचे पाय पाहिले. समोरचा जवान होता, चपळ होता, खांदा टाकून आला. नॉर्ब त्याच्याशी भांडला नाही. कंबर खाली गेली, खांदा लागला, पावलं बारीक बारीक पडू लागली, आणि तो माणूस, कसा ते त्यालाही कळलं नसेल, हळूहळू बाजूला सरकत गेला. या वेळी चित्र कुठेच निघून गेलं नाही. ते तिथेच राहिलं, तिच्यासमोर, शिट्टी होईपर्यंत. पुढे जायची जागा मिळाली होती. नॉर्बने ज्याला पाडलं त्यालाच हात देऊन उठवलं, हेही टीव्हीने तिला कधी दाखवलं नव्हतं.

मग गुण मिळवायच्या शेवटच्या रेषेजवळ पुन्हा एकदा. पुन्हा सदुसष्ट नंबर. मैदान वेडं झालं होतं. चेंडू आज त्याच्याचकडे येणार अशी प्रत्येकाची खात्री होती. समोरच्या संघाचीही होती, कारण त्यांचे दोघं त्याच्यावर चालून आले. नॉर्ब खाली गेला. दोघंही त्याच्यावर टेकले आणि तो त्यांच्यावर. क्षणभर कुणीच हलेना. लोरेटाचे पाय जागच्या जागी नकळत बारीक पावलं टाकू लागले. तो हलला. वीतभर, मग हातभर, मग दोघंही मागे कलंडले आणि तोही त्यांच्यावर गेला.

भोवती असा गदारोळ उठला की जून रडायला लागली. टेस उड्या मारत होती.

"काय झालं?" लोरेटा विचारत होती. "काय झालं? तो उठतोय ना?"

"टचडाउन, आई! चेंडू रेषेपार, आपण पुढे! त्याच्याच मागून गेला बघा तो चेंडूवाला!"

तो उठत होता. आधी एक गुडघा, मग हात टेकून दुसरा. चेंडू घेऊन गेलेला पोरगा धावत त्याच्यापाशी आला आणि त्याने चेंडू त्याच्या हातात कोंबला. पद्धतच आहे तशी. कधी तरी फळीतल्या गड्याला चेंडू देतात, आणि तो जमिनीवर आपटून सगळ्या हंगामाची हौस भागवून घेतो. नॉर्बने चेंडूकडे पाहिलं. त्याच्या वाकड्या बोटांत तो लहानसा वाटत होता. मग त्याने त्यावरचा बर्फ बाहीने पुसला, पंचापाशी चालत गेला आणि चेंडू त्याच्या हातात ठेवला.

"आपटला का नाही याने?" मिशीवाला कळवळला. "आयुष्यात एकदा मिळाला होता!"

आता मात्र लोरेटा वळली. "आमच्यात वापरून झालेली वस्तू ज्याची त्याला परत करतात," ती म्हणाली.

मिशीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग टेसच्या जर्सीच्या पाठीवरचं वोयचिक हे नाव वाचलं, आणि हळूच टोपी काढली.

सामना संपल्यावर घरच्यांसाठी खाली एक खोली होती. न्हाऊन, ओल्या केसांनी नॉर्ब आला. त्याने आधी जूनला घेतलं, मग त्याला आई दिसली. तो दारातच थांबला. मागून येणारा विली त्याच्या पाठीवर आदळला आणि माफी मागत राहिला.

"कधी आलीस?"

"काल."

"गाई?"

"ऑर्विल."

"लाथ मारेल ती त्याला." मग तो म्हणाला, "मला वाटलं, तू टीव्हीवर बघशील. टीव्हीवर निदान मी कडेला उभा दिसलो नसतो."

"दिसलास ना. तीन तास कोटच बघितला तुझा. छान शिकवतोस." तिने विलीकडे पाहिलं. "आता याचे पाय बरे पडतात."

विली लाजला. एवढा मोठा देह लाजला की पाहत राहावं असा होतो. तो म्हणाला, "नॉर्ब सांगत असतो मला, तुमच्या गाईंचं."

नॉर्बने आईकडे पाहिलं, आणि त्या वेळी गोठ्यात पाहिलं होतं तसं त्याचं तोंड झालं होतं. तो हळूच म्हणाला, "आणि माझे? माझे कसे पडले?"

तिने उगाच गोड बोलायचं ठरवलं नव्हतं. "पहिल्या खेपेला पहिलं पाऊल जरा मोठं पडलं. दुसऱ्या खेपेला अगदी बरोबर. तुझे बाबा असते तर..." तिथे तिचं वाक्य राहिलं. तिने हात वर केला, तो वाकला, आणि तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. एका हातात मावेल अशी ती मान राहिली नव्हती. तिने दोन्ही हात लावले.

"चेंडू पाहिलास का माझ्या हातात?" तो तिच्या खांद्याशी पुटपुटला.

"तेवढाच पाहिला. बाकी चेंडू कुठे होता ते मला ठाऊक नाही."

सोमवारी ती परतली तेव्हा ऑर्विल गोठ्यात होता, नडगीला फडकं बांधून. पांढऱ्या कपाळाचीने आपलं काम केलं होतं. तिने आल्या आल्या कोट बदलला आणि बादली घेतली. त्याने सांगितलं की कालपासून रेडिओवर ऐकतोय, चेंडू कोण घेऊन गेला, कोणी फेकला, प्रशिक्षक काय म्हणाला. "तुझ्या पोराचं नाव एकदाही नाही. तुझा रविवार चांगला गेला म्हणायचा."

लोरेटा गाईच्या मांडीला खांदा लावून टेकली. गाय जरा विचार करून सरकली.

"घेतलं की नाव," ती म्हणाली. "दोनदा घेतलं, सगळं मैदान उठलं. तुला इथे कसं ऐकू येणार?"